एकाच वाटीतला फेस

कांदिवलीतल्या दाढीच्या साबणाची हकीकत सांगायची, तर ती साबण नसलेल्या दाढीपासून सुरू करावी लागते. माझे आजोबा साताऱ्याकडून इथे आले तेव्हा त्यांच्या धोकटीत दोन वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी, धारेचा दगड, चामड्याचा पट्टा, लाकडी फणी, हातआरसा, तुरटीचा खडा आणि एक पितळी वाटी होती. साबण नव्हता. तो असावा अशी गिऱ्हाइकाची अपेक्षाही नव्हती. दाढी म्हणजे पाणी, बोटं आणि वस्तरा.

कांदिवलीचं स्टेशन १९०७ सालचं. आजूबाजूला पोईसर, आकुर्ली, चारकोप अशी गावं, भातशेती, ताडाची झाडं आणि खाडीकडे मिठागरं. १९२०च्या दशकात बॅकबेच्या समुद्रात भराव घालण्याचं काम जोरात सुरू झालं आणि त्यासाठी लागणारा दगड कांदिवलीच्या खाणीतून रेल्वेने शहराकडे जाऊ लागला. आज मरीन ड्राइव्हच्या बाजूला फिरणाऱ्या माणसाला पायाखालच्या भरावाशी कांदिवलीचं नातं आहे हे ठाऊक नसतं. आमच्या घराला मात्र ते ठाऊक आहे, कारण खाणीतले मजूर हे आजोबांचं पहिलं गिऱ्हाईक होतं. दिवसभर दगड फोडलेल्या माणसाच्या दाढीत पांढरी भुकटी बसलेली असायची. तशा दाढीवर कोरडा वस्तरा टेकवला तर धार मरते आणि गालही सोलतो. आजोबा आधी चेहरा धुवायला लावायचे, मग ओल्या बोटांनी केसांच्या मुळाशी चोळत राहायचे. पाणी टाकायचं, चोळायचं, पुन्हा पाणी टाकायचं. ते वडिलांना सांगत, “दाढी वस्तऱ्याने होत नाही, भिजवण्याने होते.” आमच्या घराण्याचा धंदा या एका वाक्यावर तीन पिढ्या चालला आहे आणि साबणाचा सगळा इतिहासही मला याच वाक्यातून समजत गेला. साबण हे भिजवण्याचं साधन आहे. केसात पाणी मुरलं की तो मऊ होतो. ते पाणी गालावर टिकवून धरायचं आणि पात्याला घसरायला वाट करून द्यायची, एवढंच साबणाचं काम. स्वस्त असो की महाग, प्रत्येक साबणाची परीक्षा याच कामावर व्हायला हवी.

गावाकडे आजोबांच्या आधीच्या पिढ्या बलुत्यावर जगल्या. बारा बलुतेदारांत न्हावी एक. दाढीमागे पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावर जाऊन वर्षाचं धान्य आणायचं आणि मिळेल तेवढं मुकाट घ्यायचं. वरच्या जातीच्या घरी न्हाव्याने पडवीच्या आत जायचं नाही, आणि दाढी झाली की गिऱ्हाइकाने आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचं नाही. हजामतीनंतरच्या आंघोळीची सवय आजही कितीतरी घरांत आहे. तिच्यात केस धुऊन टाकण्याइतकाच आमचा स्पर्श धुऊन टाकण्याचाही भाग होता, हे विसरू नये. आणि ज्यांना गावानेच शिवायचं नाकारलं होतं, त्या दलित वस्तीतल्या माणसांची दाढी न्हाव्याने करायची नाही असाही दंडक होता. तो दंडक आमच्याच लोकांच्या हातांनी पाळला गेला.

पण याच हातांनी नकार दिल्याचाही इतिहास आहे. १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन यापुढे करायचं नाही असा निर्धार झाला. ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे उभे होते. ज्या कामातून पैसा आणि शिधा मिळत होता ते काम अन्याय म्हणून सोडून देणाऱ्या माणसांची नावं आज फारशी कुणाला ठाऊक नाहीत. आमच्या धंद्याचा अभिमान कशात आहे असं कुणी विचारलं, तर मी त्या सभेचं नाव घेतो.

साबण मुंबईत आला तो साहेबाच्या सामानातून. हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, व्हाइटअवे लेडलॉसारखी मोठी दुकानं विलायती कपडे आणि चैनीच्या वस्तू विकत. तिथून माल घेणारा माणूस आणि आजोबांसमोर उकिडवा बसणारा माणूस यांची कधी गाठ पडली नसेल. व्हाइटअवे लेडलॉच्याच इमारतीत १९४६ नंतर खादी भांडार थाटलं आणि हातकागदात गुंडाळलेले साबण तिथे विकले जाऊ लागले. मुंबईच्या साबणाचा प्रवास त्या एका पत्त्यावर वाचता येतो.

दाढीचा साबण आपल्या लोकांपर्यंत यायला किमतीखेरीज आणखी एक अडथळा होता: चरबी. विलायती साबणात जनावरांची चरबी असे. चरबीत स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि त्यामुळेच फेस दाट, टिकाऊ होतो. पण सोवळं पाळणारा माणूस तो फेस ओठांजवळ कसा लावून घेणार? अर्देशीर गोदरेज यांचं मोठेपण मला इथे दिसतं. १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढणाऱ्या या माणसाने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वनस्पती तेलांपासून साबण बनवून दाखवला. १९१९ साली त्यांचा ‘नंबर दोन’ साबण बाजारात आला. नंबर एक त्याच्या मागून आला. दोन नंबरचा माल एवढा चांगला, तर एक नंबरचा केवढा चांगला असेल, असं लोकांनी म्हणावं हा त्यामागचा विचार सांगितला जातो. स्वदेशीच्या त्या काळात रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेजच्या साबणाची शिफारस केली होती. पुढे गोदरेजचा पसारा विक्रोळीला वाढला. म्हणजे आमच्या आरशासमोरच्या वाटीत जो साबण यायचा, तो आमच्याच उपनगरांच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या कंपनीचा होता.

दुसरीकडे लिव्हर ब्रदर्सने १९३३ साली हिंदुस्थानात कंपनी स्थापन केली आणि १९३४ साली शिवडीला साबण काढायला सुरुवात केली. १९३७ साली कोलगेट-पामोलिव्हची भारतातली कंपनी झाली. शिवडीला तेलाची पिंपं उतरवायला बंदर जवळ, मालगाडीचा रूळ दाराशी, मजूर भोवतालच्या चाळींत. मुंबईत साबण इथल्याच हातांनी घडू लागला तेव्हा त्याची किंमत उतरली आणि तो खाणीतल्या मजुराच्या गालापर्यंत पोचला. आजोबांनी धोकटीत पहिली साबणाची वडी ठेवली ती याच काळात, आणि तीही फक्त पैसे रोख देणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. बाकीच्यांची दाढी पाण्यावरच होत राहिली. त्या वडीसाठी त्यांनी डब्याचं झाकण वाटीसारखं वापरलं. एक आणा जास्त देणाऱ्याला फेस आणि न देणाऱ्याला पाणी, असा भेद काही वर्षं आजोबांच्या झाडाखालच्या धंद्यात होता. त्या वेळी साधी वडी हीच चैन होती.

वडिलांनी तो भेद मोडला. १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत वाढली आणि कांदिवली कागदोपत्री मुंबई झाली. त्याच सुमाराला वडिलांनी डहाणूकरवाडीच्या बाजूला गाळा भाड्याने घेतला. दोन लाकडी खुर्च्या, मागे मान टेकायला फिरणारी फळी, समोरासमोर दोन आरसे, भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर. श्रावण वद्य द्वादशीला त्यांच्या पुण्यतिथीचा नारळ तिच्यापुढे फुटायचा, आजही फुटतो. दुकानात शिरताना चप्पल काढावी लागत नाही आणि जात सांगावी लागत नाही. जो आधी आला तो आधी बसणार. गावी ज्याच्या अंगाला हात लावायची आम्हाला बंदी होती तो माणूस आणि ज्याच्या घराच्या पडवीपलीकडे आम्हाला जायची बंदी होती तो माणूस, हे दोघे एकाच बाकावर बसून एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घ्यायचे. नंतर एकाच वाटीतला फेस दोघांच्या गालाला लागायचा.

त्या वाटीत गोदरेजचा शेव्हिंग राउंड असायचा, गोल चकती. ती वाटीच्या तळाशी ओली करून दाबून बसवायची. सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम वाटीत चमचाभर गरम पाणी घालून ठेवण्याचं. तोवर झाडलोट, उदबत्ती आणि पट्ट्यावर वस्तरा फिरवणं व्हायचं. मग ते पाणी ओतून द्यायचं आणि ब्रश वडीवर गोल फिरवायचा. सुरुवातीचा फेस पातळ, मोठ्या बुडबुड्यांचा असतो. तो गालावर न्यायचा नाही. फिरवत राहिलं की बुडबुडे बारीक होत जातात आणि फेस ब्रशच्या केसांत धरून राहतो. ब्रश उलटा केला आणि फेस पडला नाही तर तो तयार. गालावर आधी गोल हाताने, केस उभे राहतील असा लावायचा आणि शेवटी सपाट हाताने सारखा करायचा. मग पहिला सुलटा हात. मग पुन्हा फेस लावून, गिऱ्हाईक सांगेल तर उलटा हात. शेवटी पाणी, तुरटी, आणि ज्याला हवी त्याला पावडर.

स्वस्त वडीची खोड अशी की ती फेस पटकन देते आणि पटकन सुकते. खोबरेल तेल जास्त असलेल्या साबणाचा हा स्वभावच आहे. एका गालाची दाढी होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस मलूल झालेला असायचा. वडिलांनी त्यावर उपाय काढला होता: दोन्ही गाल एकदम न माखता एक बाजू पुरी करायची, दुसऱ्या बाजूला तोवर नुसता ओला टॉवेल. कारागीर आपल्या सामानाची उणीव अशी हाताने भरून काढतो. कांदिवलीतल्याच महिंद्राच्या कारखान्यात १९६०च्या दशकात ट्रॅक्टर बनू लागले, तसे पहिल्या पाळीचे कामगार उजाडायच्या आधी दुकानाच्या पायरीवर बसलेले दिसू लागले. त्यांना भोंग्याच्या आत पोचायचं असायचं. वडिलांचा हात वेगाने चालायचा, पण भिजवण्याची मिनिटं त्यांनी कधी कमी केली नाहीत.

दरम्यान घरोघरी एक वेगळी दाढी रुजत होती. किंग कॅम्प जिलेट यांनी १९०३ साली बदलत्या पात्याचा सेफ्टी रेझर विकायला काढला तेव्हा पहिल्या वर्षात जेमतेम ५१ रेझर खपले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर मागवले आणि लाखो तरुण स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन घरी परतले. आपल्याकडे ही सवय आधी कचेरीतल्या बाबूंना लागली. रोज गुळगुळीत चेहऱ्याने आठ-चाळीसची लोकल पकडायची, तर रोज सलूनला जाणं परवडत नाही. खिडकीत टेकवलेला आरसा, स्टीलच्या पेल्यात गरम पाणी, प्लॅस्टिकच्या डबीत वडी, मागे रेडिओवर बातम्या. कांदिवलीतल्या चाळींमधल्या कितीतरी मुलांना वडिलांची पहिली आठवण ही अशी, अर्धा चेहरा पांढरा असलेली आहे. पण हीच माणसं रविवारी आमच्याकडे यायची. रोजची दाढी घरी आणि निवांत दाढी सलूनमध्ये, अशी वाटणी त्या काळात झाली. सोमवारी दुकान बंद, श्रावणात धंदा मंद, गणपतीच्या आदल्या दिवशी रात्रीपर्यंत उभं राहायचं, हे आमचं वर्षाचं गणित.

मी वस्तरा हातात घेतला तेव्हा वडीची जागा ट्यूब घेऊ लागली होती. १९८३ सालच्या विश्वचषकानंतरच्या वर्षांत कपिलदेव टीव्हीवर पामोलिव्हचा फेस गालाला लावून हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पोरं येऊन “कपिलवालं क्रीम लावा” म्हणायची. ओल्ड स्पाइसची पांढरी बाटली बराच काळ आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतली वस्तू होती. पुढे तो माल गोव्यात बनू लागला आणि वाण्याकडे मिळू लागला. रेमंडने १९८६ साली पार्क अव्हेन्यू काढलं. साहेबी कपड्यांबरोबर साहेबी फेसही मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. आणि सलूनांत व्ही-जॉनची मोठी, स्वस्त ट्यूब शिरली, ती आजही कांदिवलीतल्या बहुतेक साध्या दुकानांत आरशाखाली उभी आहे. याच दशकात चारकोपला जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने छोटे भूखंड पाडून दिले आणि लालबाग-परळकडची, मिलच्या संपाने पोळलेली कुटुंबंही हळूहळू तिकडे राहायला आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गिरणी कामगारांना क्रीम पसंत नसायचं. “वडी आहे का, वडी?” असं विचारून ते खुर्चीत बसत. त्यांच्यासाठी वडिलांनी एक चकती शेवटपर्यंत ठेवली होती.

वडी सलूनमधून गेली ती किमतीमुळे किंवा फेस वाईट म्हणून गेली नाही. ती गेली धास्तीने. १९८६ साली भारतात एड्सच्या विषाणूची लागण पहिल्यांदा आढळली आणि पुढच्या काही वर्षांत वस्तऱ्याकडे बघायची लोकांची नजर बदलली. पोलादी वस्तरा पट्ट्यावर घासून पुढच्या माणसाला लावणं थांबलं, थांबायलाच हवं होतं. कागदाच्या वेष्टणातच ब्लेड उभं मोडून त्याचं अर्धं पातं पकडीत बसवायचं आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बसवायचं, ही पद्धत आली. मग शंका ब्रशवर गेली आणि ब्रशवरून वाटीवर. ही शंका निराधार नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या दूषित केसांपासून बनवलेल्या दाढीच्या ब्रशांमुळे ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांना अँथ्रॅक्स झाल्याचं वैद्यकीय इतिहासात नोंदलेलं आहे. सर्वांच्या गालावरून फिरून पुन्हा त्याच वडीवर येणारा ब्रश आता कुणाला नको होता. ट्यूबमधलं क्रीम थेट गालावर पिळता येतं, डब्यातला तयार फेस तर बोटांनीच लावता येतो. आरोग्याच्या दृष्टीने हे योग्यच झालं आणि मी ते मनापासून पाळतो. ब्रश प्रत्येक गिऱ्हाइकानंतर धुऊन जंतुनाशकात बुडवतो. तरीही वाटी गेली तेव्हा तिच्याबरोबर काय गेलं याची नोंद करणं मला माझं काम वाटतं. ज्या समाजात स्पर्शाचीच भीती शिकवली गेली होती, तिथे त्या एका वाटीने पंचवीस-तीस वर्षं सगळ्यांना एकाच फेसाने माखलं होतं. ते काम कायद्याच्या पुस्तकाबाहेर, दोन खुर्च्यांच्या गाळ्यात झालं.

धास्तीचा दुसरा काळ २०२० साली आला. टाळेबंदीत तीन महिने शटर खाली होतं. महाराष्ट्र सरकारने २८ जूनपासून सलून उघडायला परवानगी दिली ती केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यापुरती. त्वचेशी संबंधित सेवांना मनाई होती, म्हणजे दाढीला मनाई. तीन पिढ्यांत पहिल्यांदा आमच्या दुकानात कात्री चालत होती आणि फेस बंद होता. त्या काळात अनेकांनी घरी ब्रश आणला, वडी आणली, सेफ्टी रेझर आणला. वेळ हातात होता. दाढी घाईत उरकायचं काम नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

आणि वडी परत आली. पण ती वेगळीच होऊन आली. लंडनमध्ये १८०५ साली सुरू झालेल्या ट्रूफिट अँड हिलसारख्या घराण्याची दालनं २०१०च्या दशकात मुंबईत उघडली. लाकडी वाडग्यातला साबण, बॅजरच्या केसांचा ब्रश, चंदन किंवा लॅव्हेंडरचा गंध. दाढीच्या सामानाच्या नव्या भारतीय कंपन्या निघाल्या. दिल्लीकडच्या एका कंपनीने तर स्वतःचं नाव ‘बॉम्बे शेव्हिंग कंपनी’ ठेवलं. ठाकूर व्हिलेज आणि महावीरनगरच्या टॉवरांतली तरुण मंडळी आपला साबण, आपला ब्रश कापडी पिशवीत घालून माझ्याकडे येतात आणि म्हणतात, “काका, हा वापरून बघा.” मी आनंदाने वापरतो. या निमित्ताने स्वस्त आणि महाग असे दोन्ही साबण एकाच हाताने, एकाच खुर्चीत पारखायची संधी मला मिळाली आहे.

फरक आहे, आणि तो खरा आहे. चांगल्या महागड्या वडीत स्टिअरिक आम्लाचं प्रमाण सढळ असतं आणि कॉस्टिक सोड्याबरोबर कॉस्टिक पोटॅशही वापरलेलं असतं. सोड्याने वडी कठीण होते, पोटॅशने ती पाण्यात लवकर विरघळते. दोन्हीचा मेळ बसला की वडी हातात घट्ट राहते आणि ब्रशला लगेच फेस देते. तो साबण रुळांमधून पुन्हा पुन्हा दळलेला असतो, त्यामुळे त्यात पाणी आणि हवा कमी, म्हणून तो झिजतो सावकाश. ग्लिसरिन काढून न घेता ठेवलेलं असलं तर फेस सुकत नाही. परिणाम असा, की दोन्ही गाल एकदम माखले तरी दुसरा गाल ओलाच राहतो, पातं सहज घसरतं, आणि ज्याची त्वचा नाजूक आहे त्याला उलट्या हाताने दाढी केल्यावरही आग होत नाही. गंध हा तिसरा भाग. स्वस्त क्रीममधलं मेंथॉल गालाला झोंबतं आणि थंडावा देतं. महाग साबणाचा गंध दाढी संपल्यावरही सौम्यपणे रेंगाळतो. ज्याला रोज दाढी करायची आहे आणि ज्याच्या मानेवर पुरळ उठतं, त्याला मी स्वतः सांगतो, थोडे पैसे टाक आणि चांगली वडी घे.

पण पाण्यापुढे दोन्ही साबण सारखे आहेत. मुंबई महापालिकेचं तलावांतून येणारं पाणी मृदू आहे, त्यात कुठलाही साबण खुलतो. टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी जड असतं. त्यातले क्षार साबणाला धरतात, फेसाऐवजी पांढरट साय तयार होते आणि ती ब्रशला आणि गालाला चिकटते. उंच इमारतीत राहणारं एक गिऱ्हाईक तक्रार करायचं, की हजारोंचा साबण घरी फसतो आणि तुमच्याकडे चालतो. त्याच्या इमारतीला उन्हाळाभर टँकर लागतो. मी त्याला पिण्याच्या नळाचं पाणी तांब्यात तापवून घ्यायला सांगितलं आणि त्याची तक्रार मिटली. खालच्या चाळीत पालिकेच्या नळावर स्वस्त क्रीम लावणाऱ्याचा फेस त्याच्यापेक्षा चांगला होत होता.

आता हिशेब मांडतो, कारण इतिहास शेवटी हिशेबातच उघडा पडतो. सलूनमध्ये वापरायच्या साध्या ट्यूबमधून एका दाढीला लागणारं क्रीम दोन रुपयांच्या आत बसतं. तीन हजारांची विलायती वडी जपून वापरली तर शंभरेक दाढ्या देते, म्हणजे दाढीमागे तीस रुपये. माझ्यासारख्या दुकानात दाढीचे शंभराच्या आतबाहेर घेतात. चकचकीत दालनात हीच दाढी हजाराच्या घरात जाते. दोन्ही ठिकाणी साबणाचा वाटा किरकोळ आहे. फरकाचे पैसे जातात जागेच्या भाड्याला, थंड हवेला, मऊ टॉवेलला, नावाला आणि गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या निवांतपणाला. निवांतपणाला किंमत असते हे मला मान्य आहे. खाणीत दगड फोडणारा मजूरही डोळे मिटून आजोबांसमोर बसायचा तेव्हा तेच विकत घेत होता. पण त्या दालनात वस्तरा धरणारा पोरगा बहुतेक वेळा माझ्याच समाजातला किंवा उत्तरेतून आलेला आमच्याच धंद्यातला असतो, आणि त्याच्या पगारात त्या हजारातलं किती येतं हे त्यालाच विचारावं.

डहाणूकरवाडीला २०२२ साली मेट्रो आली, गाळ्यांची भाडी वाढली, आणि आमच्यासारखी दोन खुर्च्यांची दुकानं आता मोजकी उरली आहेत. माझा मुलगा हा धंदा शिकला आहे आणि केशरचनेचा अभ्यासक्रमही केला आहे. त्याला मी दोन्ही साबण वापरायला शिकवलं, आणि त्याआधी आजोबांची पाण्यावरची दाढी शिकवली. ज्याला नुसत्या पाण्याने दाढी भिजवता येते, त्याच्या हातात स्वस्त साबण चांगला होतो आणि चांगला साबण उत्तम होतो. ज्याला ते येत नाही, त्याला लंडनची वडी वाचवू शकत नाही. म्हणून खुर्चीत बसणाऱ्यांना माझं सांगणं आहे: परवडेल तो साबण लावून घ्या, त्यात कमीपणा नाही आणि मोठेपणाही नाही. पण दाढीचा दर जिथे जास्त आहे तिथे एकदा विचारा, की साबणाचे तीस रुपये वजा केल्यावर उरलेल्यातले किती हाताला मिळतात. बलुत्याच्या काळात हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. आज आहे, आणि तो गिऱ्हाइकाने विचारला तर मालकाला उत्तर द्यावं लागतं.